नदी कोणत्याच गटात नव्हती

"माझा गट काठावर संपतो, सर," निकुंभ गुरुजी म्हणाले.

"माझाही काठावरच संपतो," बोरसे गुरुजी म्हणाले.

"मग आपण आता उभे आहोत ती जागा कोणाच्या गटात येते?" मी विचारले.

दोघांनी पायांखालच्या वाळूकडे पाहिले. बोरसे गुरुजींनी चपलेने ती थोडी उकरूनही पाहिली. "ही नदी आहे, सर," शेवटी ते म्हणाले. "नदी सरकारची."

"आणि ते लोक?"

मी त्यांच्या पाठीमागे बोट दाखवले. पात्राच्या मधोमध वाळूच्या उंचवट्यावर पाचटाच्या झोपड्यांची एक वेडीवाकडी ओळ होती. झोपड्यांसमोर वेल पसरले होते आणि एक बाई पत्र्याच्या डब्याने त्यांना पाणी घालत होती.

"ते डांगरवाडीवाले. भोई," निकुंभ गुरुजी म्हणाले. "ते बोरसे गुरुजींचे."

"माझे कसे? दळण दळायला तुमच्या गावात जातात."

"आणि तुमच्या गावात बाजाराला जात नाहीत का?"

एक्क्याण्णवच्या जनगणनेची ही गोष्ट. मी तालुक्याच्या हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि त्या फेब्रुवारीत काही प्रगणकांवर पर्यवेक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती. जनगणनेसाठी जिल्ह्याचे तालुके, तालुक्याची गावे आणि गावांचे गट पाडतात; एका माणसाला ठरलेल्या मुदतीत मोजता येईल एवढा एक गट. तत्त्व भूमितीइतके स्वच्छ आहे. जमिनीचा प्रत्येक तुकडा कोणत्या तरी एका गटात पडला पाहिजे, आणि एकाच गटात पडला पाहिजे. दोन गट एकमेकांवर चढता कामा नयेत आणि त्यांच्यामध्ये फटही राहता कामा नये. मला हे तत्त्व आवडले होते. माणसांच्या कारभारात इतकी नेटकी गोष्ट क्वचित सापडते.

आदल्या दिवशी मी बाभळगव्हाण आणि उंबरखेडी या समोरासमोरच्या गावांचे नजरी नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा फट दिसली. हुकमात दोन्ही गटांची हद्द 'नदी' एवढीच दिली होती. बाभळगव्हाणच्या निकुंभ गुरुजींनी आपल्या काठावर रेघ मारून पलीकडे 'नदी' लिहिले होते. उंबरखेडीच्या बोरसे गुरुजींनी त्यांच्या काठावर रेघ मारून अलीकडे 'नदी' लिहिले होते. नियमाप्रमाणे दोघेही बरोबर होते. कागदावरच्या रेघेला रुंदी नसते. तिथे नदीला चांगली फर्लांगभर होती, आणि त्या फर्लांगात माणसे राहत होती.

पावसाळ्याचे पाणी ओसरले की हे भोई आपापल्या गावची घरे कुलूप लावून पात्रात येत. वाळूत खड्डे काढून त्यांत शेणखत भरत, कलिंगडे आणि डांगरे, म्हणजे खरबुजे, लावत आणि उन्हाळा संपेपर्यंत तिथेच राहत. त्यांच्या मूळ गावात गणनेच्या नोंदीत 'घर बंद' एवढेच लिहिले जाणार होते. म्हणजे ते तिकडेही नव्हते आणि इकडेही नव्हते.

मी सुचवले की नदीची मध्यरेषा हद्द धरावी. त्यावर नवाच वाद निघाला. उन्हाळी नदीच्या तिथे दोन धारा होत्या, प्रत्येक काठाजवळ एक, आणि झोपड्या त्या दोहोंच्या मध्ये. ज्याच्या-त्याच्या मते खरी नदी आपल्याच काठाजवळची, म्हणजे झोपड्या समोरच्याच्या. मी म्हटले, जेवण करून येतो आणि मीच ठरवतो. बोरसे गुरुजी आपल्या बाजूची धार ओलांडून उंबरखेडीला गेले. मी निकुंभ गुरुजींबरोबर बाभळगव्हाणला त्यांच्या घरी जेवायला गेलो.

हात धुऊन आम्ही ओट्यावर आलो, तेव्हा गल्लीतून हलगीचा आवाज येत होता. गावचा कोतवाल नथ्थू दवंडी देत चालला होता. वरच्या धरणातून नदीत पाणी सोडले आहे, गुरेढोरे पात्रात नेऊ नयेत, बायांनी धुण्याला जाऊ नये. मी त्याला थांबवून विचारले, पाणी कधी सोडले. त्याला नक्की ठाऊक नव्हते. निरोप सकाळी निघाला होता, त्याच्यापर्यंत आत्ता पोचला होता.

"डांगरवाडीवाल्यांना सांगितलंस?"

"ते आपल्या हद्दीत नाहीत, साहेब," नथ्थू म्हणाला. "त्यांना उंबरखेडीचा कोतवाल सांगंल."

मी निकुंभ गुरुजींकडे पाहिले. ते दुसरीकडे बघत होते. उंबरखेडीचा कोतवाल या घटकेला काय म्हणत असेल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मी मनात गणित मांडले. धरण किती लांब, हे ढोबळ माहीत होते. कोरड्या पात्रात पाण्याचे तोंड माणसाच्या चालीने पुढे सरकते असे धरले, तर एक उत्तर येत होते. पण कोरडी वाळू आधी स्वतः पाणी पिते, म्हणून ते तोंड बरेच मंदावते. तसे धरले तर दुसरे उत्तर येत होते. पाणी किती सोडले हे माहीत नव्हते. केव्हा सोडले हेही माहीत नव्हते. पाणी संध्याकाळी येईल, किंवा आम्ही ओट्यावर उभे असतानाच आले असेल. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत असे की उत्तरासोबत त्यातली संभाव्य चूकही लिहावी. इथे चूक उत्तराहून मोठी होती.

आम्ही काठावर धावत आलो. निकुंभ गुरुजींनी दोन्ही हात तोंडाभोवती धरून हाक दिली. तीस वर्षे चार इयत्ता एका खोलीत शिकवलेला तो आवाज होता. तो पोचला यात शंका नव्हती. झोपड्यांपाशी एकदोघे उभे राहिले, ऐकले, आणि एका तरुणाने हातवारे करून आम्हाला जे उत्तर दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही.

"त्यांचा विश्वास बसत नाही," निकुंभ गुरुजी म्हणाले. "तुम्ही अजून हाका मारत राहा, सर. मी पाटलांकडून पलीकडे निरोप धाडतो."

"हाकांनी होणार नाही," मी म्हणालो, आणि खाली उतरलो.

अलीकडची धार घोट्याएवढी होती. तिच्यातून जाताना मी एकच विचार करत होतो: पाणी आले तर आधी याच खोलगट जागेत भरेल. झोपड्या उंचावर आहेत, त्यांना ते शेवटी लागेल. तोवर मागची वाट गेलेली असेल. मी वरच्या अंगाला पाहिले. पात्र वळणापर्यंत पांढरे, रिकामे आणि उन्हात लखलखत होते. रिकामेपणाची भीती वाटण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

डांगरवाडीची कारभारीण ठगूबाई नावाची एक म्हातारी होती. झोपडीच्या सावलीत ती तंबाखू मळत बसली होती. मघाशी हातवारे करणारा तिचा मुलगा सुपडू शेजारी उभा होता, आणि दारात त्याची बायको यमुना. तिचे दिवस भरत आले होते; ती कुडाच्या खांबाला धरून उभी होती.

मी वर्गात वापरतो तोच आवाज काढला. पाणी सोडले आहे, सगळ्यांनी तत्काळ काठावर चालावे. छातीवर जनगणनेचा बिल्ला होता, तोही दाखवला.

ठगूबाईने बिल्ला नीट पाहिला. मग तिने जे सांगितले, त्याचा सारांश असा. गेल्या साली याच दिवसांत वाळूच्या ठेकेदाराची माणसे जीप घेऊन आली होती. त्यांनीही पाणी सोडल्याचे सांगितले. सगळी वाडी पोरेबाळे घेऊन काठावर जाऊन बसली. रात्रभर बसली. पाणी आले नाही. पण सकाळी येऊन पाहिले तर वाळूचे ट्रक वेलांवरून गेलेले होते. त्या माणसांच्याही छातीवर काहीतरी लावलेले होते.

"मी ठेकेदाराचा नाही. मी शिक्षक आहे, जनगणनेसाठी आलोय."

"सकाळपास्नं तिघं येऊन उभे होते," सुपडू म्हणाला. "लांबूनच बोटं दाखवत होते. कोणी येऊन नाव विचारलं? आता आठवण झाली."

मी गणिताकडे वळलो. धरण किती लांब, पाणी किती वेगाने येते, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो, आणि प्रामाणिकपणाच्या सवयीने हेही सांगितले की नक्की वेळ मला सांगता येणार नाही.

"म्हणजे तुलाच ठाऊक नाही," सुपडू म्हणाला. त्याने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. तिच्यात त्या दिवसाचे सारे कागद होते. "बैस इथं, मास्तर. पाणी आलं तर संगंच जाऊ."

"आपल्याला इतका वेळ नाही."

"घाई असंल तर तू जा. पिशवी ठेवून जा."

मी तिथे उभा राहून त्या कोंडीचे विश्लेषण केले. मी बसलो, तर पाणी येणार नाही असा अर्थ होत होता. निघून गेलो, तर मी लबाड ठरत होतो. दोन्हीकडून ही माणसे इथेच राहणार होती. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये, असे मी आयुष्यभर शिकवत आलो होतो, आणि ही माणसे तंतोतंत तेच करत होती. पुरावा एकच होता, आणि तो वळणाच्या पलीकडून येत होता.

मी बसलो. दुसरे काही सुचले नाही म्हणून. सुपडूकडून पिशवीतला एक कोरा तक्ता मागून घेतला आणि म्हटले, तोवर नावे तरी सांगा. आवाज स्थिर ठेवायचा होता. अधिकारी माणूस घाबरलेला दिसला तर त्याचे कोण ऐकणार, ही माझी समजूत होती. ठगूबाईने नाव सांगितले. मी लिहू लागलो. अक्षर चौकटीत बसेना. पेनाचे टोक कागदावर टकटक वाजू लागले. मी मनगट गुडघ्यावर दाबून धरले, तर गुडघाही हलत होता. दर शब्दाला मान आपोआप वरच्या अंगाला वळत होती, आणि दर वेळी पात्र तसेच पांढरे, तसेच रिकामे.

ठगूबाईने तंबाखूचा हात लुगड्याला पुसला आणि माझ्या मनगटावर ठेवला. तिने ते धरले नाही, नुसता हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मला अतिशय लाज वाटली.

"सुपडू," ती म्हणाली, "पिशवी टाक. पोरं गोळा कर."

"का?"

"हा भ्यालाय."

"भ्याला तर भ्याला."

"गेल्या साली आले ते भ्याले नव्हते. जीपमधून उतरून त्यांनी माझ्याकडं विडीला काडी मागितली होती. ज्याला पाणी येणार ठाऊक आहे तो काडी मागत बसत नाही." ती उठली. "ऊठ, मास्तर. आता कापत बसू नको."

त्यानंतर कोणी वाद घातला नाही. ठगूबाईने वाडी दोन भागांत वाटली. उंबरखेडीच्या अंगाला शेळ्या आणि गाढवे बांधलेली होती. तिकडच्या झोपड्यांतली माणसे घेऊन ती तिकडे गेली. अलीकडची माणसे माझ्याबरोबर बाभळगव्हाणच्या काठाला निघाली. अलीकडची धार उथळ, म्हणून यमुनालाही इकडेच पाठवले. सुपडू मात्र वरच्या अंगाला पळत सुटला. त्याचा चुलता झिपरू तिकडच्या टोकाच्या वाफ्यावर होता आणि त्याला ऐकू येत नसे. यमुनाने एकदा त्याच्या दिशेने पाहिले. मग तिने माझा दंड धरला आणि चालू लागली.

पाणी गर्जत येते असे मी वाचले होते. ते तसे आले नाही. आम्ही धारेच्या कडेला पोचलो तेव्हा कोणीतरी वाळलेला पाचोळा ओढत न्यावा तसा आवाज ऐकू आला. वळणावरून एक तपकिरी जीभ बाहेर आली. तिच्या टोकाला फेस होता, काटक्या होत्या, शेणाच्या गोवऱ्या होत्या. ती थांबे, वाळू तिला पिऊन टाकी, आणि तिच्या पाठीवरून दुसरी पुढे येई. ते पाहताना क्षणभर मला हायसे वाटले, हे मी लपवत नाही. एवढेच, असे वाटले.

आम्ही धारेत उतरलो तेव्हा पाणी पोटरीला होते. मध्यावर पोचलो तेव्हा मांडीला होते. पायांखालची वाळू निघून जात होती. पाऊल ठेवावे तिथे जागा नसे. पुढची माणसे पोरांना खांद्यावर घेऊन काठाला लागली. यमुना आणि मी मागे राहिलो. ती धावू शकत नव्हती आणि मला पोहता येत नव्हते. तिची बोटे माझ्या दंडात रुतली होती, आणि कोण कोणाला सावरत होते हे मला आजही सांगता येणार नाही. मी ओरडलो असेन. काय ओरडलो ते आठवत नाही.

निकुंभ गुरुजी धोतराचा कासोटा आवळून कमरेएवढ्या पाण्यात आले होते. त्यांनी यमुनाला काखेत धरले आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर. काठावर आम्ही चढलो नाही. आम्हाला ओढून घेतले.

मागे वळून पाहिले तेव्हा दोन धारांची एक झाली होती. झोपड्या कोसळल्या नाहीत. त्या एकेक करून उठल्या आणि खालच्या अंगाला चालू लागल्या. वेल पाण्याखाली काही काळ दिसत राहिले आणि मग दिसेनासे झाले. माझी पिशवीही तिथेच राहिली होती.

उन्हे उतरली होती. पलीकडच्या काठावर माणसे दिसत होती, पण कोण आणि किती हे कळत नव्हते. आमच्याकडच्या बाया नावे घेऊन हाका मारू लागल्या. सगळ्या एकदम, त्यामुळे एकही नाव धड पलीकडे जाईना. यमुना कोणालाच हाक मारत नव्हती. ती वरच्या अंगाला पाहत होती, जिकडे सुपडू गेला होता. तिकडे आता पाणीच होते.

"सर," निकुंभ गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही माणसं आता माझ्या काठावर आहेत. माझ्या गटात धरू?"

"गट राहू द्या. माणसं आहेत का ते आधी बघू."

त्यांनी मान हलवली. बायांना गप्प केले आणि यमुनाला म्हणाले, "पलीकडं कोण कोण असायला पाहिजे, एकेक नाव सांग, बाई." ती सांगू लागली आणि ते नदीकाठी उभे राहून शाळेची हजेरी घ्यावी तशी एकेक नाव उच्चारू लागले. दोन नावांमध्ये थांबत होते. पहिल्या नावाला काही आले नाही. दुसऱ्यांदा घेतले, तेव्हा पलीकडून बोरसे गुरुजींचा आवाज आला, "हजर." तेही काठावर येऊन उभे होते. त्यांना पद्धत लगेच कळली.

हजेरी अशी चालली. नाव जाई, पाणी वाजत राही, आणि मग 'हजर' येई. मध्ये एका नावाला उत्तर यायला वेळ लागला. ते ठगूबाईचे नाव होते. ती शेळी सोडवत होती.

"झिपरू," यमुना म्हणाली.

"झिपरू!" निकुंभ गुरुजींनी पुकारले.

"हजर," बोरसे गुरुजी म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत. झिपरूला आणायला गेलेल्याबद्दल काहीच नाही.

निकुंभ गुरुजी पुढच्या नावासाठी यमुनाकडे वळले. ती गप्प होती. "झाली सगळी?" त्यांनी विचारले. तिने मान हलवली, नाही म्हणून. तिचे ओठ हलले आणि मिटले. प्रगणकांना ही अडचण घरोघर येते. बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, मग सासूला विचारावे लागते किंवा शेजारणीला. निकुंभ गुरुजींना ते नाव ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. पण ते पुकारल्यावर काय होईल याच्या भीतीने मी ते सांगितले नाही.

यमुना एका हाताने पोट सावरून पाण्याच्या कडेपर्यंत गेली. तिने निकुंभ गुरुजींना हाताने बाजूला केले.

"सुपडू," तिने हाक मारली. अंगणात खेळणाऱ्या पोराला मारावी तशी, नुसते नाव.

पाणी वाजत राहिले. पलीकडे बोरसे गुरुजींनी कोणाला तरी काही विचारलेले दिसले. एक माणूस खाली बसलेला होता, तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"आहे मी," आवाज आला. दमलेला, बसलेला, आणि तरीही चिडलेला. "साऱ्या गावादेखत नाव काय घेतेस?"

उंबरखेडीच्या काठावर कोणीतरी हसले. यमुना तिथेच ओल्या वाळूत बसली. मग तिने ते पुन्हा एकदा घेतले, हळू, पलीकडे ऐकू जाणार नाही असे.